शेवटच्या अंकाची राखण

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले की खाडीवरचा पूल ओलांडताच कशेळी लागते. कशेळी, काल्हेर, पूर्णा या गावांतून जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामेच गोदामे दिसतात. मुंबई-ठाण्याच्या दुकानांत किंवा थेट घरी येणाऱ्या कितीतरी वस्तू आधी येथे उतरलेल्या असतात. गिऱ्हाइकाला दुकान माहीत असते, दुकानदाराचे नावही ठाऊक असते. पण गोदामात माल कोणी लावला, ओल लागू नये म्हणून कोणी काळजी घेतली, हे कोणी विचारत नाही. विचारायची वेळ येते ती माल खराब निघाला तरच.

संगणकाच्या आज्ञावल्यांचेही असेच आहे. पडद्यावर दिसणारे चित्र, अक्षरे, बटणे हे झाले दुकान. त्याच्या मागे गोदामे असतात. त्यांना संगणकाच्या भाषेत लायब्ररी म्हणतात. अनेक आज्ञावल्यांना वारंवार लागणारी कामे एकदाच नीट लिहून या लायब्ररीत ठेवलेली असतात. ज्याला गरज असेल त्याने तेथून ती मागवून घ्यावीत. एखाद्या कोनाची साइन काढायची असेल, तर आज्ञावली लिहिणारा स्वतः साइन काढत बसत नाही. तो ‘साइन’ एवढेच लिहितो आणि उत्तर गोदामातून येते.

हे उत्तर बरोबर आहे हे कोण पाहते? शेवटच्या अंकापर्यंत बरोबर आहे का? आणि ते वेळेत मिळते का? या लेखात आपण अशाच एका गोदामाचा, त्यातल्या एका फळीचा इतिहास पाहणार आहोत. गोदामाचे नाव आहे ‘ग्नू सी लायब्ररी’, थोडक्यात ग्लिबसी. फळी आहे साइन, कोसाइन, लॉग, घातांक अशा गणिती फलांची. २०१३ साली या फळीची मोठी डागडुजी झाली. ती करणारे सिद्धेश पोयरेकर हे त्या काळात पुण्यात राहून रेड हॅट या कंपनीसाठी काम करत होते. त्यांनी नेमके काय केले, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

कोष्टकांची जुनी वाट

संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून माणसाने साइनची कोष्टके केली आहेत. इसवी सन ४९९ मधल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात ३ अंश ४५ कलांच्या अंतराने २४ ज्यांची माहिती आहे. त्रिज्या ३४३८ कला धरली की पहिली ज्या २२५ येते. आजच्या गणकयंत्रावर ३४३८ ला साइन ३.७५ अंशाने गुणले तर २२४.८६ हे उत्तर मिळते. पूर्णांकात सांगायचे तर २२५ बरोबरच आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकांत केरळात होऊन गेलेल्या माधवाने याहून पुष्कळ बारीक कोष्टक दिले. साइन आणि कोसाइन यांच्या अनंत श्रेणीही त्याच्याच नावावर सांगितल्या जातात.

युरोपात नेपियरने १६१४ साली लॉगॅरिथम प्रसिद्ध केले. हेन्री ब्रिग्जने १६२४ साली १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० या संख्यांचे लॉग चौदा दशांश स्थळांपर्यंत छापले. मधली जागा रिकामी राहिली होती. ती १६२८ साली हॉलंडमधल्या व्लाकने दहा स्थळांच्या कोष्टकाने भरली. पुढच्या पिढ्यांनी छापलेली कितीतरी कोष्टके याच दोघांच्या कामावर उभी आहेत. शाळेत आपण ज्या चार अंकी लॉग टेबलवर बोट फिरवत मोठे झालो, त्याचे मूळही येथेच सापडते.

महाराष्ट्रातही ही वाट आहे. केरो लक्ष्मण छत्रे म्हणजे केरूनाना छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. आकाशात ग्रह जेथे दिसतो आणि पंचांग त्याला जेथे सांगते, यांत पडलेला फरक दूर व्हावा, यासाठी अशा नव्या कोष्टकांची गरज होती. कोष्टकात चूक असेल तर तिच्यावर आधारलेले प्रत्येक गणित चुकते, हे पंचांगकर्त्यांना चांगले ठाऊक होते.

पण कोष्टके प्रत्यक्ष करत कोण? १७९० च्या दशकात फ्रान्समध्ये द प्रोनी या अभियंत्याकडे प्रचंड कोष्टके तयार करण्याचे काम आले. त्याने कामाची तीन पायऱ्यांत विभागणी केली. वरच्या पायरीवर मोजके गणिती सूत्रे ठरवत. मधल्या पायरीवरचे लोक त्या सूत्रांची मांडणी करत. आणि तळाशी साठ-ऐंशी माणसे नुसत्या बेरजा-वजाबाक्या करत. वरच्या पायरीवरच्या गणितींची नावे इतिहासात आहेत. तळाशी बसून लाखो आकडे लिहिणाऱ्यांची नावे जवळजवळ नाहीतच. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने १८२० च्या दशकात यंत्राने कोष्टके करण्याचा ध्यास घेतला. त्यामागे कोष्टकांतल्या आणि छपाईतल्या चुकांचा वैताग होता, आणि प्रोनीच्या कामाची ही विभागणीही त्याच्यासमोर होती.

कोष्टककर्त्याची कोंडी

कोष्टक करताना एक विचित्र अडचण येते. ती एका उदाहरणाने पाहू. समजा आपल्याला ५ चे वर्गमूळ नऊ दशांश स्थळांपर्यंत, जवळच्या अंकात पूर्ण करून, लिहायचे आहे. आपण एक स्थळ जास्त काढून पाहू, म्हणजे पुढचा अंक पाचाच्या खाली आहे की वर ते कळेल. दहा स्थळांपर्यंत उत्तर येते २.२३६०६७९७७५. नवव्या स्थळानंतर नेमका ५ आला! आता नववा अंक ७ ठेवायचा की ८ करायचा? हे दहा स्थळांचे उत्तर स्वतःच पूर्ण केलेले आहे. त्यामुळे खरी संख्या याच्या किंचित खाली असेल किंवा किंचित वर.

ठीक, आणखी एक स्थळ काढू. उत्तर २.२३६०६७९७७५०. कोंडी तशीच. बारा स्थळे काढू. २.२३६०६७९७७५००. अजूनही तेच. तेरावे स्थळ काढल्यावर मात्र २.२३६०६७९७७४९९८ असे उत्तर येते आणि गाठ सुटते. खरी संख्या मध्याच्या किंचित खाली आहे. म्हणून नऊ स्थळांचे योग्य उत्तर २.२३६०६७९७७.

नऊ स्थळांच्या उत्तरासाठी तेरा स्थळांचे गणित करावे लागले. वर्गमुळाच्या बाबतीत यातून सुटका आहे. २.२३६०६७९७७५ चा वर्ग करून तो ५ पेक्षा मोठा आहे की लहान, एवढे पाहिले की निर्णय होतो. साइन, लॉग किंवा घातांकी फलाला अशी उलटी तपासणी सोपी नाही. तेथे पुढे पुढे काढत राहणे एवढाच मार्ग उरतो, आणि किती पुढे जावे लागेल हे आधी सांगता येत नाही. संगणकातल्या अंकगणिताचे जाणकार विल्यम कहान यांनी या अडचणीला ‘कोष्टककर्त्याची कोंडी’ असे नाव दिले.

कहान यांच्या पुढाकाराने १९८५ साली संगणकातल्या दशांश गणिताचे जे मानक ठरले, त्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांचे उत्तर खऱ्या उत्तराच्या सर्वांत जवळचेच असले पाहिजे, अशी अट आहे. साइन, लॉग वगैरेंना ती अट घातली गेली नाही. त्याचे कारण ही कोंडीच.

जिना चढून जाण्याची युक्ती

संगणक अपूर्णांक संख्या सहसा ५३ द्विमान अंकांत ठेवतो. आपल्या दशमान पद्धतीत ते साधारण १५-१६ अंक होतात. साइन काढताना तो कोन आधी लहान करून घेतो, मग तयार ठेवलेल्या छोट्या कोष्टकातली जवळची नोंद घेतो आणि उरलेल्या फरकासाठी एका बहुपदीची किंमत काढतो. म्हणजे आर्यभट-माधवांची कोष्टक आणि श्रेणी ही जोडी आजही तेथे कामाला आहे.

शेवटचा अंक हमखास बरोबर यावा यासाठी इस्रायलमधल्या हैफा येथील आयबीएमचे संशोधक अब्राहम झिव यांनी १९९१ साली एक पद्धत मांडली. ती एखाद्या जिन्यासारखी आहे. पहिल्या पायरीवर थोडेसे जास्त अंक काढून झटपट उत्तर मिळवायचे. त्यातली संभाव्य चूक धरूनही निर्णय स्पष्ट असेल तर तेच उत्तर द्यायचे. नसेल तर दुसऱ्या पायरीवर जास्त अंकांनी गणित करायचे. तरीही कोंडी असेल तर आणखी वर चढायचे. बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरच काम होते. एकेक द्विमान अंक वाढवला की कोंडीत सापडण्याची शक्यता निम्मी होत जाते.

या पद्धतीवर आधारलेली आयबीएमची गणिती लायब्ररी २००१ साली ग्लिबसीमध्ये आली. तिची सर्वांत वरची पायरी होती ७६८ द्विमान अंकांची, म्हणजे सुमारे २३१ दशमान अंकांची.

येथे ग्लिबसीची ओळख करून घेऊ. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. ज्या आज्ञावलीचे मूळ लिखाण कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल, अशा आज्ञावल्यांचा पूर्ण संच तयार करण्याचा तो संकल्प होता. त्यातल्या सी भाषेच्या लायब्ररीचे काम १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रोलंड मॅक्ग्रा या तरुणाने सुरू केले. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स आणले. पुढे लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक संगणकांत ग्लिबसी हेच मुख्य गोदाम झाले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतले सर्वच्या सर्व संगणक लिनक्सवर चालतात. म्हणजे या फळीवरच्या मालाला गिऱ्हाइके किती असतील याची कल्पना यावी.

आता या सोयीची दुसरी बाजू. क्वचित एखादी संख्या अशी येई की आज्ञावलीला जिना चढून पार वरच्या पायरीवर जावे लागे. तेथले गणित साध्या गणितापेक्षा शेकडो, प्रसंगी हजारो पट वेळ घेई. वापरणाऱ्याला काहीच कळत नसे. त्याने घातांक काढण्याची एक साधी आज्ञा दिलेली असे. लक्षावधी संख्यांवर ती भराभर चाले आणि मध्येच एखाद्या संख्येवर अडखळे. उत्तर मात्र अचूक येई. २०१२ च्या सुमारास अशा तक्रारी ग्लिबसीच्या दप्तरी नोंदल्या जात होत्या.

नववीच्या बीजगणिताची कमाल

२०१३ च्या सुरुवातीला सिद्धेश पोयरेकर यांनी या वरच्या पायरीला हात घातला. त्या पायरीवर ७६८ द्विमान अंकांची संख्या ठेवण्यासाठी तिचे ३२ तुकडे केलेले असत, प्रत्येक तुकडा २४ द्विमान अंकांचा. आपण जसा अंकाखाली अंक मांडून गुणाकार करतो, तसाच या तुकड्यांचा गुणाकार होई. सगळा वेळ खाणारी गोष्ट हीच होती. ३२ तुकड्यांच्या दोन संख्यांचा पूर्ण गुणाकार म्हणजे ३२ × ३२ = १०२४ छोटे गुणाकार.

हे कमी कसे करायचे? दोन अंकी संख्या घेऊन पाहू. २३ × ४५ या गुणाकारात दशकाच्या जागी २ × ५ आणि ३ × ४ यांची बेरीज येते, म्हणजे १० + १२ = २२. शतकाच्या जागी २ × ४ = ८ आणि एककाच्या जागी ३ × ५ = १५. एकूण ८०० + २२० + १५ = १०३५. गुणाकार चार झाले.

आता मधले २२ दुसऱ्या रीतीने काढू. (२ + ३) × (४ + ५) = ४५. त्यातून आधीच काढलेले ८ आणि १५ वजा करू. ४५ − ८ − १५ = २२. येथे दोन गुणाकारांऐवजी एकच लागला. अक्षरांत लिहायचे तर

अड + बक = (अ + ब)(क + ड) − अक − बड

ही नववीच्या विद्यार्थ्याला कंस सोडवून ताडून पाहता येईल अशी नित्यसमानता आहे. मॉस्कोमध्ये १९६० साली अनातोली कारात्सुबा या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने याच कल्पनेतून मोठ्या संख्यांच्या गुणाकाराची जलद रीत शोधली होती. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या गुणाकाराहून मुळात जलद रीत असूच शकत नाही, असा अंदाज तोवर कोल्मोगोरोव यांच्यासारख्या थोर गणितज्ञाने बांधला होता. तो खोटा ठरला.

ग्लिबसीतल्या बदलात हीच नित्यसमानता तुकड्यांच्या प्रत्येक जोडीला लावली गेली. ३२ तुकड्यांच्या ४९६ जोड्या होतात. प्रत्येक जोडीला एक गुणाकार आणि समोरासमोरच्या तुकड्यांचे ३२, असे ५२८ गुणाकार पुरतात. बेरजा-वजाबाक्या वाढतात, पण त्या स्वस्त असतात.

याबरोबर आणखी तीन गोष्टी झाल्या. पहिली, संख्येचा वर्ग करण्यासाठी वेगळी रीत लिहिली गेली. ४७ चा वर्ग करताना ४ × ७ हा गुणाकार दोनदा येतो. मग तो एकदाच करून दुप्पट का करू नये? दुसरी, संख्येच्या शेवटी नुसती शून्ये असतील तर त्यांना गुणत बसणे थांबवले गेले. हाताने गुणाकार करताना आपण ही शून्ये सोडूनच देतो. यंत्र मात्र सांगितल्याशिवाय सोडत नाही. तिसरी, हे तुकडे पूर्वी अपूर्णांक संख्यांच्या खोक्यांत ठेवले जात. ते पूर्णांकांच्या खोक्यांत ठेवण्याची सोय केली गेली, कारण बहुतेक यंत्रांवर पूर्णांकांचे गणित अधिक जलद होते. पण पॉवरपीसी या जातीच्या यंत्रांवर जुनीच पद्धत जलद होती. म्हणून त्यांच्यासाठी ती तशीच ठेवली गेली.

ऑगस्ट २०१३ मध्ये ग्लिबसीची २.१८ ही आवृत्ती निघाली. गणिती फलांना अत्यंत प्रतिकूल संख्येवर लागणारा वेळ सुधारला आहे, अशा अर्थाची एक ओळ तिच्या बदलांच्या यादीत आहे. बाहेरच्या जगाला या कामाची जी वर्दी मिळाली ती एवढीच. संगणकाच्या पडद्यावर काहीही बदलले नाही. उत्तरे पूर्वीचीच आली, फक्त अडखळणे कमी झाले.

मोजपट्टी

आमच्या मते याच काळात झालेले एक दुसरे काम याहून महत्त्वाचे आहे. आज्ञावली जलद झाली, असे म्हणायला कोणाचे काय जाते? जलद म्हणजे किती, कोणत्या संख्यांवर, कोणत्या यंत्रावर, हे मोजता आले पाहिजे. २०१३ मध्येच पोयरेकर यांनी ग्लिबसीत वेळमापनाच्या चाचण्यांची एक मांडणी उभी केली. प्रत्येक फलासाठी संख्यांच्या याद्या ठेवायच्या, त्यात सोप्या संख्याही असाव्यात आणि वरच्या पायरीवर नेणाऱ्या अवघड संख्याही. बदलाआधी आणि बदलानंतर याच याद्यांवर वेळ मोजायचा. मग बदल सुचवणारा पुण्यात असो की केंब्रिजमध्ये, वाद मोजमापाने मिटतो.

२०१४ च्या सुरुवातीच्या २.१९ या आवृत्तीत आणखी एक सोय आली. एखादे गणित वरच्या पायरीवर गेले की त्याची खूण बाहेरून टिपता येईल अशी व्यवस्था झाली. नळाला मीटर बसवावा तसे हे आहे. कोंडी खरोखर किती वेळा होते, हे आता अंदाजाने बोलायचे कारण उरले नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्याला आधी निरीक्षणाची वही आखायला सांगतो. तिचे महत्त्व त्याला लगेच पटत नाही. येथे ते स्पष्ट दिसते.

पडद्यामागच्या कामाचा आणखी एक प्रकार सांगायला हवा. ग्लिबसीची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी निघते. तिच्यासाठी एक प्रकाशन-व्यवस्थापक नेमला जातो. कोणते बदल आता घ्यायचे, कोणते पुढच्या खेपेला, कोणत्या यंत्रावर चाचणी नापास झाली, ठरलेल्या दिवशी दार कधी बंद करायचे, हे सगळे त्याने पाहायचे. २०१७ सालच्या फेब्रुवारीतली २.२५ आणि ऑगस्टमधली २.२६ या दोन आवृत्त्यांसाठी ही जबाबदारी पोयरेकर यांच्याकडे होती. शाळेत परीक्षेचे वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकाला हे काम समजावून सांगावे लागणार नाही. सगळे सुरळीत झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

मुक्त आज्ञावल्यांबद्दल एक गैरसमज येथेच दूर करावा. ‘मुक्त’ म्हणजे सगळे लोक फावल्या वेळात, फुकट काम करतात असे नव्हे. हौसेने काम करणारे असतातच. पण ग्लिबसीसारख्या प्रकल्पातले बरेचसे काम पगारी माणसे करतात. रेड हॅट, आयबीएम, आर्म अशा कंपन्या त्यांना पगार देतात, कारण त्यांचा स्वतःचा धंदा या गोदामावर चालतो. मुक्त असते ते लिखाण. ते कोणालाही वाचता येते, तपासता येते आणि सुधारता येते.

पुसलेली पायरी

पुढची गोष्ट मोठी शिकवणारी आहे. ७६८ द्विमान अंकांची पायरी खरोखर हवी होती का? संगणकाच्या या प्रकारच्या संख्या सुमारे २ चा ६४ वा घात इतक्या आहेत. एकेक अंक वाढवला की कोंडी निम्म्या संख्यांपुरतीच उरते. म्हणजे ५३ अंकांपुढे आणखी ६४ अंक, असे एकूण ११७ च्या आसपास अंक काढले की बहुतेक सगळ्या कोंड्या सुटायला हव्यात, असा अंदाज बांधता येतो. फ्रान्समध्ये व्हँसाँ लफेव्र आणि जाँ-मिशेल म्युलर यांनी प्रत्यक्ष शोध घेऊन अनेक फलांसाठी सर्वांत वाईट संख्या शोधून काढल्या. काही ठिकाणी दीडशेहून थोडे अधिक अंक लागतात. ७६८ कोठेच लागत नाहीत. जिन्याची वरची पायरी सावधगिरीपोटी बांधली गेली होती.

आर्म कंपनीच्या साबोल्च नॉज आणि विल्को डेक्स्ट्रा यांनी २०१८ च्या सुमारास घातांक, लॉग, साइन अशा फलांच्या नव्या रीती ग्लिबसीत आणल्या. त्यांनी वेगळा सौदा केला. उत्तर खऱ्या किमतीपासून शेवटच्या अंकाच्या अर्ध्यापेक्षा दूर नसावे ही कडक अट थोडी सैल केली आणि साधारण ०.५५ पर्यंत चालेल असे मानले. त्यामुळे क्वचित सर्वांत जवळच्या संख्येऐवजी तिची शेजारीण उत्तर म्हणून मिळते. पण जिना चढायची गरजच राहत नाही. एकेका फलातून संथ वाटा काढल्या गेल्या. २०२१ पर्यंत ती ३२ तुकड्यांची गुणाकाराची रीत ग्लिबसीतून पूर्णपणे वगळली गेली.

म्हणजे २०१३ ची मेहनत वाया गेली का? आम्हाला तसे वाटत नाही. मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी तो संगणक वापरला त्यांचा वेळ वाचला. शिवाय नवी रीत जुनीपेक्षा चांगली आहे, हे दाखवायला मोजपट्टी हाताशी होती. वेळमापनाची ती मांडणी ग्लिबसीत टिकून आहे आणि नवे लोक तिच्यात भर घालतात. पाडलेल्या भिंतीचा गवंडी सहसा विसरला जातो. येथे मात्र प्रत्येक बदलाची तारीख, कारण आणि करणाऱ्याचे नाव प्रकल्पाच्या नोंदींत कायम राहते. आज वापरात नसलेली ओळसुद्धा कोणी, कधी आणि का लिहिली हे शोधता येते. प्रोनीच्या तळमजल्यावरच्या माणसांना हे भाग्य लाभले नव्हते.

गोष्ट येथेही थांबलेली नाही. फ्रान्समधल्या पॉल झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोअर-मॅथ’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. वेग न गमावता शेवटचा अंक हमखास बरोबर देता येतो, असे त्यांचे म्हणणे आहे. जानेवारी २०२५ मधल्या ग्लिबसीच्या २.४१ आवृत्तीत त्यांच्या कित्येक रीती घेतल्या गेल्या. त्या लहान, म्हणजे ३२ द्विमान अंकी जागेत मावणाऱ्या संख्यांसाठी आहेत. अशा संख्यांचे एकूण ४,२९,४९,६७,२९६ आकृतिबंध होतात. एका चलाच्या फलासाठी एवढी सगळी उत्तरे एकेक करून तपासता येतात. ब्रिग्जला आयुष्य पुरले नाही ते काम आता साधा संगणक उरकतो. अचूकतेची जी अट वेगासाठी सैल केली होती, ती पुन्हा आवळली जात आहे.

एवढा आटापिटा कशासाठी?

सोळाव्या अंकाने काय बिघडते, असे कोणी विचारील. शेताचे क्षेत्रफळ काढताना काही बिघडत नाही. पण १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ हे हवामानाच्या एका नमुन्याचे गणित संगणकावर पुन्हा करत होते. त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ ही संख्या घातली. थोड्याच वेळात दोन्ही गणितांतले हवामान एकमेकांशी काहीही संबंध नसल्यासारखे वेगळे झाले. जेथे प्रत्येक उत्तर पुढच्या गणितात जाते, तेथे बारीक फरक वाढत जाऊ शकतो. एकच आज्ञावली दोन संगणकांवर चालवली आणि उत्तरे शेवटच्या अंकात वेगळी आली, तर फरक निसर्गात आहे, आज्ञावलीत आहे की गोदामात, हे शोधण्यात आम्हा संशोधकांचे दिवस जातात. गोदाम उघडे असेल तर निदान आत जाऊन पाहता येते.

वर्गात यातले काही सहज करून घेता येईल. विद्यार्थ्यांना ५ चे वर्गमूळ दहा, अकरा, बारा आणि तेरा स्थळांपर्यंत काढायला सांगावे आणि प्रत्येक वेळी नववा अंक कोणता ठेवाल ते लिहून घ्यावे. आठ अंकी आणि बारा अंकी गणकयंत्रांवर एकच उदाहरण करून उत्तरांची तुलना करावी. ४७ × ४७, २३ × ४५ अशी गणिते नेहमीच्या आणि कारात्सुबाच्या रीतीने करून गुणाकार किती वाचले ते मोजावे. तीन अंकी संख्यांना ही रीत लावली तर किती गुणाकार लागतील, हा प्रश्न हुशार मुलांना सोडवायला द्यावा. नऊऐवजी सहा पुरतात, हे त्यांनी स्वतः शोधलेले बरे.

आणि गणकयंत्रावर साइनचे बटण दाबताना मुलांनी एकदा तरी विचारावे, की हे उत्तर बरोबर आहे हे कोणी तपासले? बऱ्याच यंत्रांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या कुलुपात बंद असते. ग्लिबसीच्या बाबतीत ते वाचता येते. वाचणाऱ्याला इंग्रजी, थोडी सी भाषा आणि नववीचे बीजगणित यायला हवे. यातले शेवटचे शिकवण्याचे काम आपल्याकडे आहे.